पहिल्या नोकरीतल्या सिस्टरचा प्रश्न : मी या फिल्डसाठी बनलेलीच नाही का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी कळवण तालुक्यातली, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर चार महिन्यांपूर्वी नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये मेडिकल वॉर्डला लागले. इंदिरानगरला आम्ही तिघी मिळून रूम घेऊन राहतो. नाईटला मी आणि एक सिनियर सिस्टर असतो पण तिला मधेच आयसीयूत बोलावतात, मग चौदा-पंधरा पेशंट माझ्या एकटीवर. मागच्या महिन्यात माझ्या नाईटला एक आजोबा गेले. रात्री बाराला चांगले बोलत होते, साडेतीनला बघितलं तर बीपी लागत नव्हता. लगेच आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) सरांना बोलावलं, सीपीआर दिला, पण नाही वाचले. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीला पेशंट सोपवताना, सिनियर सिस्टर सगळ्यांसमोर, नातेवाईकांना पण ऐकू जाईल अशी बोलली की तुझं लक्ष कुठे होतं. तेव्हापासून झोप लागत नाही, सतत वाटतं मी आधी गेले असते तर. आता साधं इंजेक्शन भरताना पण हात थरथरतो आणि काही विचारायला गेलं की म्हणतात कॉलेजात काय शिकलीस. महिन्यात तीन-चार वेळा डबल ड्युटी लागते. घरी सांगितलं तर आई म्हणते चार दिवस कळ काढ, फीसाठी काढलेलं कर्ज अजून फिटायचंय. इन्स्टावर सगळे सेल्फ केअर सेल्फ केअर म्हणतात, मला घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायचं पण त्राण नसतं. मी या फिल्डसाठी बनलेलीच नाही का?
— एक स्टाफ नर्स, नाशिक

अगं, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर बाकीचं वाचताना तुझ्या डोक्यात तेच चालू राहील. चार महिन्यांत हे ठरत नाही. कुणाचंच ठरत नाही. जी सिस्टर आज डोळे मिटून शीर शोधते आणि जिच्याकडे बघून तुला वाटतं की ही जन्मतःच नर्स आहे, तिचंही चौथ्या महिन्यात ठरलेलं नव्हतं.

आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. अमेरिकेत मार्लिन क्रेमर नावाच्या नर्स संशोधक होत्या, त्यांनी १९७४ साली नव्या नर्सेसच्या या अवस्थेला रिअॅलिटी शॉक म्हटलं. पहिले काही आठवडे सगळं छान वाटतं, युनिफॉर्म, पहिला पगार, लोक सिस्टर म्हणून हाक मारतात, आणि मग एकदम धक्का बसतो की शाळेत शिकवलेलं नर्सिंग आणि वॉर्डात चालणारं नर्सिंग यात केवढं अंतर आहे. त्या धक्क्यात माणूस चिडतं, रडतं, स्वतःला नालायक समजतं, नोकरी सोडायचा विचार करतं. त्यातून सावरणं हा पुढचा टप्पा असतो. तू आत्ता बरोब्बर त्या धक्क्याच्या मधोमध उभी आहेस. पुढे पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्स शिकाऊपासून तज्ज्ञ होईपर्यंतचे पाच टप्पे मांडले, त्यात नुसता तिसरा टप्पा, म्हणजे आपलं काम नीट आखून करता येणं, तिथे पोचायलाच साधारण दोन-तीन वर्षं लागतात, आणि ती पण एकाच प्रकारच्या वॉर्डात काढलेली. तू दुसऱ्या पायरीवर आहेस आणि स्वतःला मोजतेयस पाचव्या पायरीवरच्या बाईशी. कॉलेजात असताना तुला एक पेशंट देऊन त्याची केस स्टडी लिहायला लावायचे, मॅडम मागे उभ्या असायच्या, आणि आता चौदा पेशंट आणि मागे कुणीच नाही, मग हात थरथरणार नाही तर काय होणार.

आता आजोबांबद्दल. तुझ्या मेलमधे बाकी पंधरा गोष्टी आहेत पण खरा काटा हाच रुतलाय असं मला वाचताना वाटलं.

मी तुला असं म्हणणार नाही की तुझी काहीच चूक नव्हती, कारण मी ती फाईल पाहिलेली नाही. आणि तुझी चूक होती असंही म्हणणार नाही, त्याच कारणाने. पण तुझ्या सिनियरने पण त्या सकाळी फाईल बघून ते वाक्य म्हटलेलं नव्हतं, ती ओव्हरच्या घाईत म्हणाली. आणि रात्री अंथरुणात तू जो खटला चालवतेस स्वतःवर त्यात पण फाईल नसते, नुसती भीती असते. त्यातून काही शिकायला मिळत नाही, फक्त झोप जाते. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की इनचार्ज सिस्टरकडे जा, सकाळच्या राऊंडच्या गडबडीत नको, दुपारी जरा निवांत असताना, आणि सरळ म्हण, सिस्टर त्या रात्रीचं मला अजून डोक्यातून जात नाहीये, मला तुमच्यासोबत एकदा ती फाईल बघायचीय, दहा मिनिटं द्याल का. मग बघा बसून. बाराला काय व्हायटल्स, म्हणजे बीपी, नाडी, श्वास, लिहिलेत, त्यानंतर कधी लिहिलेत, दर किती तासांनी बघायची ऑर्डर होती, डायग्नोसिस काय होतं, आरएमओंना कॉल किती वाजता केला. कदाचित दिसेल की हार्टचा किंवा सेप्सिसचा, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलेला, पेशंट होता आणि तो कोणाच्याही ड्युटीत गेला असता. कदाचित दिसेल की दोनला एकदा बघायला हवं होतं आणि तू तेव्हा दुसऱ्या बेडचं सलाईन लावत होतीस कारण तू एकटी होतीस. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी आजच्या ह्या धुक्यापेक्षा ते बरं, कारण मग तुला कळेल की पुढच्या वेळी नेमकं काय करायचंय.

एक गोष्ट मात्र फाईल न बघता पण सांगते कारण ती नवीन मुलींना कुणी नीट सांगतच नाही. पेशंट अचानक गेला असं आपण म्हणतो पण बऱ्याच वेळा शरीर काही तास आधी इशारा देत असतं, आणि तो सगळ्यात आधी श्वासात दिसतो. ताप, नाडी, श्वास लिहायच्या टीपीआर चार्टवर आर म्हणजे श्वास, तो कित्येक वॉर्डात न मोजताच लिहिला जातो, सगळ्यांचा वीस, काल पण वीस आज पण वीस. तू तसं करू नकोस. घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट छाती मोज. मोठ्या माणसाचा १२ ते २० नॉर्मल, २५ च्या वर गेला किंवा पेशंट उगाच अस्वस्थ झालाय, बडबडतोय, चादर ओढतोय, लघवी कमी झालीय, तर बीपी चांगला आहे म्हणून वाट बघायची नाही, कॉल करायचा. रात्री एकटी असलीस तर चौदाच्या चौदा पेशंटला सारखा वेळ देता येणार नाही हे मान्य कर आणि ओव्हर घेतानाच विचारून घे की यातले सगळ्यात सिरियस तीन कोण. त्या तिघांभोवती तुझी रात्र फिरू दे. हे करायला लागलीस की भीती पूर्ण जाणार नाही, पण तिला काहीतरी काम मिळेल.

आणि आजोबा गेले याचं दुःख वेगळं. ते चुकीशी जोडू नको. बाराला तुझ्याशी बोललेला माणूस चारला नाही, त्याच्या नळ्या तू काढल्यास, वॉर्डातल्या मावशींबरोबर त्याला स्वच्छ केलंस, बांधलंस, आणि पाचला परत शुगर बघायला पुढच्या बेडला गेलीस. कुणीही हलेल. आपल्याकडे असं काही झालं की मिनिटभर थांबायची पद्धतच नाही वॉर्डात, हे फार चुकीचं आहे असं माझं मत आहे. पाणी प्यायला म्हणून का होईना, पाच मिनिटं पॅन्ट्रीत जाऊन बस, मावशींशी बोल, त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त मृत्यू पाहिलेत आणि त्या फार शहाण्यासारखं बोलतात. मनात आलं तर रामकुंडावर जाऊन एक दिवा सोड त्यांच्यासाठी, नाही आलं तर नको, पण गिळून टाकू नको.

आता सेल्फ केअर. तू चिडून लिहिलंयस आणि तुझं बरोबर आहे. फेसपॅक, मेणबत्त्या, सकाळी पाचला उठून योगा, हे ज्यांची झोप पुरी झालीय त्यांच्यासाठी ठीक आहे. नव्या नर्सची स्वतःची काळजी ही ड्युटी संपल्यावर करायची गोष्ट नाही, ती बहुतेक ड्युटीच्या आतच होते, हे मला इतकी वर्षं वॉर्डात आणि आता शिकवताना दिसत आलंय. जी मुलगी ड्युटीत जेवते, ड्युटीत लघवीला जाते, ड्युटीत विचारते आणि ड्युटीत मदत मागते ती टिकते. जी हे चारही घरी जाऊन करू म्हणते ती सहा महिन्यांत आजारी पडते.

त्यातलं विचारणं सगळ्यात महत्त्वाचं. तू विचारायला घाबरतेस कारण उत्तराआधी टोमणा मिळतो. पण हिशोब असा कर की टोमणा पाच मिनिटं टोचतो आणि न विचारता दिलेलं चुकीचं औषध आयुष्यभर. पोटॅशियम क्लोराईडचं अँप्युल हातात आलं आणि ते डायल्यूट किती करायचं, किती वेळात द्यायचं याची शंभर टक्के खात्री नाही तर विचारल्याशिवाय द्यायचंच नाही, ते शिरेत डायरेक्ट कधीच पुश करायचं नसतं हे तुला माहिती आहेच. इन्सुलिन, रक्त पातळ करणारं हेपॅरिन, ही पण तशीच, दुसऱ्या स्टाफला दाखवूनच द्यायची. याला दुबळेपणा म्हणत नाहीत, हाय अलर्ट ड्रग्ज, म्हणजे चुकली तर जिवावर बेतणारी औषधं, डबल चेक करणं हा नियमच आहे आणि वीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरने पण तो पाळायचा असतो. फक्त विचारण्याची पद्धत थोडी बदल. "सिस्टर हे कसं द्यायचं" असं विचारलं की समोरचीला वाटतं हिला काहीच येत नाही. त्याऐवजी "सिस्टर मी हे अँटिबायोटिक शंभर एमएल नॉर्मल सलाईनमध्ये तासाभरात देणारे, बरोबर आहे ना, एकदा बघता का" असं विचार. तू आधी विचार केलायस हे त्यात दिसतं आणि ती फक्त हो किंवा नाही म्हणते. डॉक्टरांना रात्री फोन करताना पण तसंच, पेशंट कोण, आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतंय आणि तुमच्याकडून काय हवंय, या क्रमाने कागदावर चार ओळी लिहून मग फोन लाव. झोपेतून उठलेला आरएमओ पण मग नीट ऐकतो. खिशात छोटी डायरी ठेव आणि एकदा विचारलेलं त्यात लिही, म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारायला लागत नाही आणि दोन महिन्यांनी मागची पानं चाळलीस की तुझं तुलाच दिसेल किती आलं ते.

त्या सिनियरबद्दल. चूक दाखवणं हे तिचं काम आहे आणि ते तिने कडक शब्दात केलं तरी ऐकून घ्यावं. पण नातेवाईकांसमोर असं बोलणं हे चूक दाखवणं नाही, तो अपमान आहे, वर धोका पण आहे, कारण नुकतंच माणूस गमावलेल्या घरच्यांना तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की नर्सचं लक्ष नव्हतं. अशा वाक्यांवरूनच हॉस्पिटलांत मारहाण होते. तिला एकटीला गाठून म्हण, "सिस्टर माझं चुकलं तर मला जरूर सांगा, पण बाजूला घेऊन सांगा, पेशंटसमोर नको, मी ऐकेन." आवाज न चढवता एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. बऱ्याच सिनियर असं म्हटल्यावर वरमतात, कारण त्या पण दोन वॉर्ड सांभाळून पिचलेल्या असतात. नाही वरमली आणि हे परत परत होत राहिलं तर तारीख, वेळ, काय बोलली हे लिहून ठेव आणि इनचार्जला, तिथे नाही झालं तर मेट्रनला, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांना, लेखी दे. आमच्या वेळी पण आम्ही असंच सहन केलं असं कुणी म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही, त्या वेळी पण ते चुकीचंच होतं.

हात थरथरण्याचं अर्धं कारण झोप आहे, हे लक्षात घे. पहाटे तीन ते पाच या वेळात माणसाच्या शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही सगळ्यात खाली असतं, ते तुझ्या मनाच्या ताकदीवर नसतं. म्हणून त्या वेळात शक्यतो कॅल्क्युलेशनचं काम ठेवू नको, आणि आलंच तर डबल चेक. चहा रात्री दोननंतर बंद कर, कारण चहा-कॉफीतलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, साडेचारला घेतलेला कप सकाळी साडेनऊला तुला झोपू देत नाही. सिनियर जागेवर असेल तेव्हा ठरवून आळीपाळीने वीस मिनिटं डोळे मिटा, लपूनछपून नाही, इनचार्जला सांगून. सकाळी सुटल्यावर गॉगल लाव आणि सरळ रूमवर जा, वाटेत मोबाईल नको, उन्हाने आणि मोबाईलने शरीराला वाटतं दिवस सुरू झाला. खिडकीला जाड काळा कपडा लाव, तिघी राहता तर दाराला कागद चिकटवा की आज हिची नाईट आहे, कुकरच्या शिट्ट्या आणि रील्सचा आवाज तेवढा वेळ बंद. आणि हे मी अगदी कळकळीने सांगते, नाईट करून झोप डोळ्यांवर असताना मुंबई-आग्रा हायवेवरून स्कूटी चालवायची नाही. सिटीलिंकची बस पकड, शेअर रिक्षा पकड, वीस-तीस रुपये जाऊ देत.

जेवणाचं मी लांबण लावत नाही. नाईटला जायच्या आधी पोटभर जेवायचं, डब्यात भाकरी-भाजी किंवा निदान शेंगदाणे-गूळ-केळं असावं, वॉर्डातल्या पेशंटच्या नातेवाईकांनी दिलेल्या फरसाणवर रात्र काढायची नाही. पाण्याची बाटली नर्सिंग स्टेशनवर नावासकट. लघवी दाबून ठेवायची सवय लागली की युरिन इन्फेक्शन मागे लागतं, आपल्या निम्म्या पोरींना ते असतं आणि सगळ्या अँटिबायोटिक स्वतःच घेऊन मोकळ्या होतात. पाळी आली असेल तर सांगायला लाजू नको. बूट चांगले घे, पहिल्या पगारातून मोबाईल नंतर, बूट आधी.

डबल ड्युटी. कुणीच आलं नाही आणि पेशंट उघड्यावर आहेत अशी वेळ कधीतरी येते, तेव्हा थांबावं लागतं, ते मी पण मान्य करते. पण महिन्यात तीन-चार वेळा म्हणजे ती अडचण राहिली नाही, ती त्यांची व्यवस्थाच झाली. सलग सोळा तासांनंतर चुका वाढतात, आणि चूक झाली की सही तुझी असते, रोस्टर बनवणाऱ्याची नसते. त्यामुळे थेट नाही म्हणायला जड जात असेल तर असं म्हण, "मी थांबते, पण उद्याचा ऑफ मला लेखी द्या आणि मला सिरियस बेड देऊ नका." दोन वेळा असं म्हटलंस की तिसऱ्या वेळी तुझ्याकडे यायच्या आधी ते विचार करतील.

आणि तुला काही नियम माहीत असू देत, भांडायला नाही, पण स्वतःवर खापर फोडायचं कमी होईल म्हणून. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे साध्या हॉस्पिटलमध्ये पाच पेशंटमागे एक नर्स आणि टीचिंग हॉस्पिटलमध्ये तीन मागे एक असायला हवी. तू चौदा बघतेस. म्हणजे तू एकटी जवळपास तिघींचं काम करतेस आणि वर स्वतःला विचारतेस की मी कमी का पडतेय. प्रायव्हेट नर्सेसच्या पगारासाठी सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्राने समिती नेमली होती, तिने पन्नासपेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलला पण महिना किमान २०,००० ची शिफारस केली. शिफारस राज्यांकडे गेली आणि बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली, पण पगाराचं बोलणं निघालं तर हा आकडा माहीत असलेला बरा. नातेवाईक अंगावर आले तर महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, त्यात डॉक्टरांबरोबर नर्स पण येते, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामुळे सेक्युरिटीला हाक मारायची, एकटीने समजावत उभं राहायचं नाही. कुणी अंगचटीला येत असेल, घाण बोलत असेल, मग तो डॉक्टर असो की वॉर्डबॉय, तर दहा किंवा जास्त लोक कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने सक्तीचं आहे, तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची.

सुई टोचली तर. हे वेगळं सांगते कारण नवीन मुली घाबरून लपवतात. दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच मिनिटाला इनचार्जला सांगायचं. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीची पीईपीची गोळी शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला पाहिजे, ७२ तासांनंतर तिचा उपयोग होत नाही, कोर्स २८ दिवसांचा असतो. हिपॅटायटीस बीचे तीन डोस झालेत का तुझे? शून्य, एक आणि सहा महिने. तिसरा बहुतेकींचा राहिलेला असतो. तो घे आणि महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस लागू पडली का याची रक्ततपासणी, बघून घे.

आता जरा तुझ्याशी बोलणं थांबवून तुझ्यासारख्या मुली ज्यांच्या हाताखाली आहेत त्या मेट्रन, इनचार्ज आणि हॉस्पिटलच्या मालकांशी बोलते, कारण हे सदर त्या पण वाचतात. नर्सेस डे ला, १२ मे ला, केक कापून आणि रेझिलियन्सवर एक तासाचं लेक्चर ठेवून हा प्रश्न सुटत नाही. जी मुलगी नवीन आहे तिला पहिले तीन महिने तरी नाईटला एकटी सोडू नका, सिनियर आयसीयूत खेचली जाणार असेल तर वॉर्डात दुसरी द्या. प्रत्येक नव्या मुलीला एक ठरलेली सिनियर द्या, जिला विचारलेलं चालेल, आणि त्या सिनियरचं थोडं काम त्या काळापुरतं कमी करा, नाहीतर शिकवणं तिला शिक्षा वाटते. पेशंट गेला की दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं सगळ्यांनी बसा, काय चांगलं झालं काय राहिलं ते बोला, दोषी शोधायला नाही. याला पैसे लागत नाहीत. २०२७ चा सिंहस्थ येतोय, तेव्हा या शहराला एकेक हात लागणार आहे, आणि आज रडवून घालवलेल्या मुली तेव्हा परत येणार नाहीत. मन घट्ट करायची जबाबदारी एकट्या बावीस वर्षांच्या पोरीवर टाकणं मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

परत तुझ्याकडे येते. तू लिहिलंस की डोक्यावरून पाणी घ्यायचं पण त्राण नसतं आणि महिनाभर झोप नाही. हे नुसतं दमणं असेल तर सलग दोन ऑफ आणि नीट झोपेने फरक पडायला लागतो. तसा फरक पडला नाही, किंवा सारखं रडू येतंय, ड्युटीच्या आधी छातीत धडधड होऊन उलटीसारखं होतंय, ती रात्र डोळ्यांसमोर परत परत येतेय, किंवा आपण नसतो तर बरं झालं असतं असा विचार एकदा जरी मनात आला, तर थांबायचं नाही. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. समोर बसून बोलायचं असेल तर त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे, तुझ्या हॉस्पिटलमध्ये कुणाला कळायचं कारण नाही. आणि एक अगदी स्पष्ट सांगते, झोप येत नाही म्हणून वॉर्डातली अल्प्राझोलामची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, मैत्रिणीने दिली तरी नाही. औषधं हाताशी असतात म्हणून आपल्या फिल्डमध्ये हा रस्ता फार सोपा पडतो आणि त्यावरून परत येणं फार अवघड.

बॅचमधली कुणीतरी नाशिकमध्येच असेल ना, सातपूरला, नाशिकरोडला, कुठेतरी? तिच्याशी ऑफ जुळवा. पंधरा दिवसातून एकदा मिसळ खायला जा, गोदापार्कला चक्कर मारा, आणि पहिला अर्धा तास हॉस्पिटलला मनसोक्त शिव्या द्या. जी स्वतः तीच ड्युटी करतेय तिला काही समजावून सांगावं लागत नाही, एवढ्यानेच निम्मं ओझं उतरतं. आईला पण सांग, पण नुसतं त्रास होतोय असं सांगितलं तर तिला वाटतं पोरगी कामाला कंटाळली. तिला आजोबांचं सांग. चौदा पेशंट एकटीवर असतात ते सांग. कर्जाचे हप्ते मी भरणारच आहे, हॉस्पिटल बदललं तरी भरणार आहे, हे आधी सांग म्हणजे ती पुढचं ऐकेल.

नोकरी सोडावी का? हे हॉस्पिटल सोडणं आणि नर्सिंग सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नको. आधी फाईल बघ, सिनियरशी बोल, नाईटला दुसरी स्टाफ मिळावी असं इनचार्जला लेखी दे, आणि त्यानंतर दोन महिने बघ. काहीच हललं नाही तर दुसरं हॉस्पिटल शोध, इंटरव्ह्यूला पगाराआधी विचार की वॉर्डात नाईटला किती स्टाफ असतो आणि नवीन मुलीला ओरिएंटेशन किती दिवसांचं देता, या उत्तरावरूनच तुला सगळं कळेल. सगळ्याच नर्सेसना मेडिकल वॉर्ड मानवतो असंही नाही, कुणी डायलिसिसला रमतं, कुणी ओटीला, कुणी लहान मुलांच्या वॉर्डात, कुणाला गावाकडच्या पीएचसीतलं काम आवडतं. पुढे शिकायचं असेल तर जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आहे, ते ज्या आरोग्य विद्यापीठाचं असतं ते आपल्या म्हसरूळलाच आहे, सरकारी स्टाफ नर्सच्या जागा पण निघत असतात, त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेव, दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. आणि सोडायचंच ठरलं तर रागात एका सकाळी जायचं बंद करू नको, नोटीस लेखी दे, तिची पोच घे, एक्सपिरियन्स लेटर घे, आणि जॉईन होताना ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे जमा केली असशील तर ती आत्ताच, राजीनाम्याचा विषय काढायच्याही आधी, पोस्ट बेसिकच्या फॉर्मसाठी हवीत म्हणून परत मागून घे, आणि पुढच्या ठिकाणी फक्त सही केलेल्या झेरॉक्स दे.